खरा आणि पहिला शोधक

मला कामावरून काढलं त्या दिवशी मी कोणतीही चूक केली नव्हती, हे आधीच सांगून टाकते. पुढे कितीतरी जणांनी मला समजावलं की बोलायला वेळ बघावी, जागा बघावी, पाहुण्यासमोर साहेबाला खाली पाहायला लावू नये. इतकी वर्षं झाली, मला अजून ते पटलेलं नाही.

भिलाईत तेव्हा पोलाद कारखान्याची उभारणी चालली होती. माझे वडील रेल्वेत होते. नागपूरहून त्यांची बदली भिलाईजवळच्या चरोद्याला झाली आणि आम्ही यार्डाजवळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायला आलो. मी नागपूरला ट्रेसरचा कोर्स केला होता. कारखान्यात कोळसा आणि खनिज वाहून नेणारे पट्टे बसवण्याचं काम एका खासगी कंपनीने घेतलं होतं. तिच्या ड्रॉइंग ऑफिसात मला नोकरी लागली. ऑफिस म्हणजे पत्र्याची शेड. आत सहा टेबलं, पाच पुरुष आणि मी.

ट्रेसरचं काम सांगायला सोपं आहे. इंजिनियरने पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायचं आणि खालची प्रत्येक रेघ शाईने गिरवायची. हे कापड खळीचं असतं. त्यावर घामाचा एक थेंब पडला की तिथे डाग पडतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. मे महिन्यात मी दोन्ही मनगटांना रुमाल बांधून बसत असे. नकाशाच्या कोपऱ्यात एक चौकट असायची. कोणी काढला, कोणी ट्रेस केला, कोणी तपासला, कोणी मंजूर केला. ट्रेसरच्या रकान्यात मी माझी आद्याक्षरं घालायची. ती बघून मला फार बरं वाटायचं, हेही खरं आहे.

मूळ नकाशे परदेशातून आलेले असत. ते थंड मुलखात काढले होते, हे त्यांच्यावरूनच कळे. एका नकाशात तर ग्रीस गोठू नये म्हणून वाफेची नळी दाखवली होती. आमच्याकडे दुपारी लोखंडाला हात लावला तर चटका बसायचा. रबरी पट्ट्याखाली ओळीने लोखंडी रोलर असतात आणि प्रत्येक रोलरच्या दोन्ही टोकांना बेअरिंग. उन्हाने त्यातलं ग्रीस पातळ होऊन गळून जाई, त्या जागी खनिजाची लाल धूळ शिरे आणि रोलर जाम होई. जाम रोलरवरून पट्टा घासत गेला की फाटत असे. मग काम बंद, आणि सगळे एकमेकांवर ओरडायला मोकळे.

आमच्या कंपनीत एक फिटर होता. चाळिशीचा असेल. भंडाऱ्याकडचा, धानाची शेती असलेल्या घरातला, शाळा चौथीपर्यंत. सगळे त्याला भाऊ म्हणत, मीही म्हणायची. एका मे महिन्यात तो जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये आला. हातात स्वतःच्या डब्यातल्या दोन वाट्या होत्या, धुतलेल्या. एक त्याने माझ्या टेबलावर उताणी ठेवली आणि तिच्यावर दुसरी, जरा मोठी, पालथी घातली.

"बाई, मले हे कागदावर काढून द्या," तो म्हणाला. "मशीन शॉपवाले तोंडी सांगितलेलं आयकत नाईत."

मी म्हटलं, भाऊ, हे काय आहे ते तर सांगा. त्याने सांगितलं. बेअरिंगच्या तोंडाशी पत्र्याच्या दोन चकत्या बसवायच्या, अशा की एकीची कड दुसरीच्या आत जाईल, पण एकमेकींना लागणार नाही. मध्ये बारीक फट राहील. धुळीला आत जायचं तर वळसे घालावे लागतील आणि त्या वळशांतलं ग्रीसच तिला धरून ठेवेल. आतलं ग्रीसही सरळ बाहेर गळू शकणार नाही. मी त्याच्या समोर पेन्सिलीने कच्चा नकाशा काढला. मापं त्याने सांगितली, बोटांनी नाही, मिलिमीटरमध्ये. खाली मी तारीख टाकली. चौकट काढायची सवय होती म्हणून चौकट काढली आणि "कोणी काढला" या रकान्यात त्याला सही करायला सांगितलं. तो म्हणाला, नकाशा तर तुमी काढला. मी म्हटलं, हात माझा आहे, डोकं तुमचं. त्याने मोठ्या अक्षरांत, थांबत थांबत, मराठीत सही केली.

मशीन शॉपने टाकाऊ पत्र्यातून चकत्या करून दिल्या. पहिल्या खेपेला त्या एकमेकींना घासल्या, दुसऱ्या खेपेला फट जास्त झाली. तिसऱ्या खेपेला जमलं. पावसाळा संपेपर्यंत तीन नंबरच्या पट्ट्याचे सगळे रोलर भाऊने तसे करून घेतले आणि तो पट्टा फाटायचा थांबला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कारखान्याच्या उभारणीत अशा गोष्टी रोज होत असत. ज्याला अडचण येई तोच तिच्यावर काहीतरी काढी आणि पुढच्या अडचणीकडे वळे.

दिवाळीनंतर आमच्याकडे नवा इंजिनियर आला, त्यालाच आम्ही साहेब म्हणत असू. चांगला शिकलेला, इंग्रजी टापटिपीचं, माझ्याशी कधी वाकडं बोलला नाही. तीन नंबरचा पट्टा का फाटत नाही हे त्याने हेरलं, रोलर खोलून बघितला आणि स्वतः सुबक नकाशा काढला. तो मी ट्रेस केला. चौकटीत त्याचं नाव होतं. मला ते खटकलं, पण नकाशा त्याने काढला होता हे खरं होतं, म्हणून मी गप्प बसले. हे गप्प बसणं मात्र माझी चूक होती, ती मी मान्य करते.

काही महिन्यांनी त्याने तोच नकाशा वेगळ्या मापाच्या कापडावर पुन्हा ट्रेस करायला दिला. म्हणाला, पेटंटसाठी कलकत्त्याला पाठवायचा आहे. पेटंट हा शब्द मी औषधांच्या संदर्भातच ऐकला होता. टाइपिस्टच्या टेबलावर अर्ज पडला होता, तो मी वाचला. त्यात लिहिलं होतं की अर्जदार हा या वस्तूचा खरा आणि पहिला शोधक आहे. इंग्रजीत होतं, पण शब्द सोपे होते. खरा. आणि पहिला. मी तो कागद दोनदा वाचला आणि साहेबांना जाऊन विचारलं की हे कसं. ते हसून म्हणाले की तो कायद्याचा ठरलेला मजकूर असतो, मनावर घेऊ नको.

त्याच दुपारी मी पट्ट्यावर जाऊन भाऊला सांगितलं. तो रोलरला ग्रीस भरत होता. तो पुरा भरला, हाताने फिरवून पाहिला. मग म्हणाला, "जाऊ द्या बाई. रोलर फिरून राहिला ना, झालं." मी त्याच्यावर चिडले. तो माझ्यावर चिडला नाही, त्याचा मला आणखी राग आला.

मी ते कापड ट्रेस केलं नाही. रोज दुसरं काम पुढे घ्यायची आणि ते बाजूला ठेवायची. साहेबांनी दोनदा आठवण करून दिली. असा आठवडा गेला, आणि दिल्लीहून तो पाहुणा आला.

पाहुणा संशोधक होता. मूळचा पुण्याचा, दिल्लीत सरकारी नोकरीत. नव्या कारखान्यांत आपली माणसं कोणते शोध लावतात, त्यांची पेटंटं घेतात का, कायदा बदलायला हवा का, असा काहीतरी अभ्यास तो करत होता. पेटंटचा कायदा इंग्रजांच्या वेळचा आहे आणि इथली बहुतेक पेटंटं परदेशी कंपन्यांच्या नावावर आहेत, हे तो साहेबांना सांगत होता ते मी ऐकलं. साहेब खूश होते. त्यांनी मोठ्या आवाजात मला रोलरचा नकाशा आणायला सांगितलं.

मी नकाशाची गुंडाळी घेऊन गेले. पाहुण्याने तो उलगडला, बराच वेळ पाहिला आणि इंग्रजीत विचारलं की ही कल्पना कशी सुचली. साहेब सांगू लागले. आपण पट्ट्याजवळ उभे होतो, धूळ उडत होती, एकदम लक्षात आलं, वगैरे. मी गुंडाळीचं दुसरं टोक धरून उभी होते. ते मी सोडलं आणि कापड पुन्हा गुंडाळलं गेलं. पाहुण्याने वर पाहिलं.

मी मराठीत म्हटलं, "हे यांना सुचलेलं नाही. हे सुचलं तेव्हा हे इथे आलेही नव्हते."

साहेबांना मराठी येत नसे, पण माझ्या आवाजावरून त्यांना कळलं. पाहुणा म्हणाला, "मग कोणाला सुचलं?"

"बाहेर तीन नंबरच्या पट्ट्यावर आहे तो फिटर. चला, दाखवते."

आणि मी निघाले. मागून साहेबांनी मला हाक मारली, एकदा, दोनदा. मी थांबले नाही. पाहुणा येतो की नाही हे मागे वळून बघायचीही माझी हिंमत नव्हती. शेडबाहेर उन्हात आल्यावर त्याच्या बुटांचा आवाज मागे ऐकू आला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

भाऊ आम्हाला बघून संकोचला. पण पाहुण्याने नीट विचारलं, घाई केली नाही, तेव्हा तो बोलू लागला. आधी चामड्याची चकती लावून पाहिली, ती उन्हाने आखडली. मग तागाची दोरी गुंडाळली, तिने धूळच धरून ठेवली. त्यानंतर वाट्या. फसलेलं सगळं त्याने क्रमाने सांगितलं. साहेबांच्या गोष्टीत फसलेलं काहीच नव्हतं. पाहुणा वहीत लिहीत होता आणि त्याची वही लाल धुळीने भरत होती.

संध्याकाळी मला सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नकोस. कारण दिलं कामात दिरंगाई. ते खोटं म्हणता येणार नाही. एक कापड मी आठवडाभर अडवून ठेवलंच होतं.

घरी बाबा भडकले. "तुले कावून मधात पडाचं होतं?" ते म्हणाले. "ज्याचं हाय तो गप्प बसून राहिला, अन् तू नोकरी घालवून आली." उत्तर होतं माझ्याकडे, पण ते नीट सांगता येत नव्हतं. नकाशावर शेवटी माझी आद्याक्षरं पडणार होती. खालच्या रेघेवर वरची रेघ नेमकी बसली आहे याची ती ग्वाही असते. त्या अर्जाखाली खरी रेघच नव्हती, मग मी काय गिरवणार होते?

दुसऱ्या दिवशी पाहुणा आमच्या क्वार्टरवर आला. दुर्गकडे जाणाऱ्या गाडीला वेळ होता. आईने त्याला पोहे दिले. माझी नोकरी गेल्याचं ऐकून त्याला वाईट वाटलं, पण त्यात तो काही करू शकत नव्हता आणि तसं त्याने सरळ सांगितलं. मग त्याने एक गोष्ट समजावून दिली. अर्ज मान्य होण्याजोगा ठरला की सरकार तो जाहीर करतं. जाहीर झाल्यापासून चार महिन्यांत कोणीही हरकत घेऊ शकतं. ही वस्तू अर्जदाराने माझ्याकडून घेतली, असं मूळ माणसाने पुराव्यासह दाखवलं तर अर्ज फेटाळला जातो. "पण हरकत त्या फिटरने घ्यायला हवी," तो म्हणाला. "तुम्ही साक्षीदार होऊ शकता, शोधक नाही."

अर्ज तर गेलाच होता. नकाशा मी नाही ट्रेस केला, दुसऱ्याने केला. तो जाहीर झाल्याचं पाहुण्याने दिल्लीहून कार्ड पाठवून कळवलं, तोवर बरेच महिने गेले होते. मी कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहामधल्या एका शाळेत चित्रकला शिकवू लागले होते. भाऊला कारखान्यात पक्की नोकरी लागली होती आणि तो त्याच सेक्टरमध्ये क्वार्टर मिळून राहायला आला होता. मी कार्ड घेऊन त्याच्याकडे गेले. यावेळीही तो जाऊ द्या म्हणेल असं मला वाटलं होतं.

तसं तो म्हणाला नाही. मधल्या काळात एक गोष्ट घडली होती. कंपनी सोडायच्या आधी साहेबांनी नव्या फिटरांना जमवून रोलरची चकती कशी बसवायची ते शिकवलं होतं, आणि शिकवताना भाऊला पुढे बोलावून सगळ्यांदेखत सांगितलं होतं की तू चुकीची बसवतोस, माझ्या डिझाइनमध्ये ती अशी बसते. भाऊने ते ऐकून घेतलं होतं. माझ्यासमोर सांगताना त्याचा आवाज चढला नाही, पण त्याने उठून ट्रंक उघडली आणि मी काढलेला तो पेन्सिलीचा नकाशा बाहेर काढला. चार घड्या, ग्रीसचे डाग, खाली तारीख आणि त्याची सही. चकत्या करून दिल्याची मशीन शॉपची चिठ्ठीही त्याने जपली होती.

"मले पेटंट नाई पायजे," तो म्हणाला. "पन माही वस्तू मलेच शिकवून राहिला तो. हे नाई चालत."

दुर्गच्या एका वकिलाने हरकतीचा अर्ज आणि आमची प्रतिज्ञापत्रं करून दिली. वकिलाला पेटंटचं काही माहीत नव्हतं. त्याने कायद्याचं पुस्तक मागवलं आणि आम्ही तिघांनी मिळून ते वाचलं. सुनावणीची तारीख यायला वर्षाहून जास्त लागलं. तोवर बाबांचा राग उतरला होता की नाही कोण जाणे, पण तारीख आली तेव्हा त्यांनी न विचारता रेल्वेचा पास काढला, स्वतःचा आणि माझा. "एकटी कलकत्त्याले जाशील का?" एवढंच म्हणाले. वकील आदल्या दिवशीच पुढे गेला होता. भाऊने तिकीट काढलं आणि आम्ही तिघं हावड्याच्या गाडीत बसलो. भाऊने नवा पांढरा शर्ट घातला होता आणि धूळ बसू नये म्हणून खिडकीपासून लांब बसला होता. आम्ही तेवढ्यावरून त्याची खूप चेष्टा केली.

सुनावणी म्हणजे मी कोर्टासारखं काही समजत होते. ती पेटंट ऑफिसातल्या एका साध्या खोलीत झाली. अधिकारी वयस्कर होते, शांत. साहेबही आले होते. त्यांनी मला नमस्कार केला, मीही केला. अधिकाऱ्यांनी कागद पाहिले, पेन्सिलीचा नकाशा उजेडात धरून पाहिला, तारीख पाहिली, साहेब कामावर कधी रुजू झाले ते विचारलं. साहेब म्हणाले की तारीख नंतरही टाकता येते. त्यावर माझं तोंड उघडलंच होतं, पण वकिलाने खूण करून मला गप्प केलं.

मग अधिकाऱ्यांनी दोघांना एकच प्रश्न विचारला. चकत्यांमधली फट एवढीच का, कमी का नाही? साहेबांनी सांगितलं की घर्षण टाळण्यासाठी एवढी फट योग्य असते. भाऊला हिंदीत विचारलं, त्याने आपल्या हिंदीत उत्तर दिलं. सकाळी याहून कमी फट ठेवली तरी चालते, पण दुपारी बाराला पत्रा तापून फुगतो आणि चकत्या धरतात, संध्याकाळी पुन्हा सोडतात. पहिल्या खेपेला तसंच झालं होतं. म्हणून तिसऱ्या खेपेची फट त्याने भर दुपारी, तापलेल्या रोलरवर मोजून ठरवली होती. अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं.

निकाल टपालाने आला. अर्ज फेटाळला होता. अर्जदार खरा आणि पहिला शोधक नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पण खाली आणखी एक परिच्छेद होता. अशाच तऱ्हेच्या चकत्यांचं वर्णन बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका परदेशी पेटंटात सापडलं होतं, त्यामुळे ही वस्तू नवीन म्हणता येत नव्हती. म्हणजे पेटंट साहेबांना नाही, तसं भाऊलाही नाही.

एवढं करून शेवटी काय, असं मला वाटलं, आणि भाऊला हे कसं सांगायचं या काळजीने मी तशीच त्याच्या क्वार्टरवर गेले. त्याने अर्थ समजून घेतला, परत विचारून खात्री केली, आणि त्याचा चेहरा उजळला.

"मंजे तिथल्या माणसाले बी हेच सुचलं," तो म्हणाला. "तो बी फिटरच असन का?"

मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही.

"असन," तो म्हणाला. "त्याच्याकडे बी धूळ असन." आणि त्याने बायकोला चहा टाकायला सांगितलं.

दोन-तीन वर्षांनी दिल्लीच्या पाहुण्याचा अहवाल छापून आला. त्याने मला एक प्रत पाठवली. जाड पुस्तक होतं. त्यात आमची हकिगत एका ओळीत होती, "फेटाळलेले अर्ज" या मथळ्याखाली. फिटरचा उल्लेख नव्हता. तीन नंबरचा पट्टा तेव्हाही त्याच रोलरवर चालत होता, कारखान्याच्या इतर पट्ट्यांवरही तसेच रोलर बसले होते, आणि पुस्तकात ते फेटाळलेल्यांत मोजलं होतं. मी पाहुण्याला पत्र लिहिलं. लिहिलं की तुमची मोजणी चुकली आहे. जगात नवीन काय आहे ते मोजायला तुमच्याकडे रकाना आहे, पण जे माणसाने स्वतःच्या डोक्याने काढलं आणि ज्याने काम अडायचं थांबलं, त्याला तुमच्या पुस्तकात जागा नाही. त्याचं उत्तर सभ्य होतं. तुमचं म्हणणं मला पटतं, पण असं मोजायची पद्धत अजून कोणाकडे नाही, असं त्याने लिहिलं होतं.

पद्धत नसेल तर नसेल, असं मी ठरवलं. एक जाड कोऱ्या पानांची वही आणली आणि भाऊला सांगितलं की कारखान्यात कोणी काही काढलं असेल तर त्याला रविवारी माझ्याकडे पाठवा. पहिला आला तो कोक ओव्हनच्या भट्टीवरचा. भट्टीच्या दारावरचं डांबर खरवडायला त्याने वाकड्या दांड्याची पहार केली होती, जिने तोंड आगीपासून लांब राहत असे. मग एक छत्तीसगढी वेल्डर आला, मग क्रेनवरचा एक जण. मी प्रत्येकाची वस्तू नीट मापांसकट काढायची, काय काय फसलं तेही लिहून घ्यायची, खाली तारीख टाकायची. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. माझी आद्याक्षरं ट्रेसरच्या रकान्यात.

शाळेच्या हेडबाईंनी एकदा ती वही पाहिली आणि विचारलं की या नोंदींना कोणाची मान्यता आहे. मी म्हटलं, माझी.